परमुलखात बांधकामं, दोन चाव्यांचा खजिना: चौंडीच्या अहिल्यादेवींनी भागीदारीचा हिशेब कसा सांभाळला?

जामखेड तालुक्यात जमिनीचे व्यवहार भागीदारीत होणं नवीन नाही. चौघे मिळून पैसे घालतात, सातबाऱ्यावर एकाचंच नाव लागतं आणि बाकी सगळं विश्वासावर चालतं. भागीदार हयात असतात आणि मनं जुळलेली असतात तोवर अडचण येत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो एखादा भागीदार दगावल्यावर, किंवा पैसा नेमका कुणाचा यावरून वाद झाल्यावर.

याच तालुक्यात सीना नदीकाठच्या चौंडी गावात ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी हे दोन्ही प्रसंग अनुभवले. त्यांनी देशभर मंदिरं, घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा बांधल्या. यातली बरीच बांधकामं त्यांच्या राज्याबाहेर होती. जिथे त्यांची सत्ता नव्हती, फौज नव्हती, तिथे ही कामं उभी राहिली आणि टिकलीही. अर्थात हा धर्मादाय होता, त्यात नफ्याचा हेतू नव्हता. पण जमीन, पैसा, परवानगी, देखभाल आणि भागीदार हे पाचही प्रश्न त्यांच्यापुढे होतेच. ते त्यांनी कसे सोडवले आणि या मालमत्तेचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात कसा पोहोचला, जाणून घेऊया.

चौंडी ते इंदूर: सुरुवात कशी झाली?

अहिल्यादेवींचे वडील माणकोजी शिंदे हे चौंडीचे पाटील. पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी मुक्कामात या मुलीला पाहिलं आणि मुलगा खंडेरावासाठी मागणी घातली, असं परंपरेने सांगितलं जातं. लहान वयातच लग्न होऊन त्या होळकरांच्या घरी आल्या.

२४ मार्च १७५४ रोजी राजस्थानातल्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा पडलेला असताना खंडेराव तोफगोळा लागून मारले गेले. अहिल्यादेवींचं वय तेव्हा २८ होतं. त्या सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. इथून पुढची बारा वर्षं हा त्यांच्या शिक्षणाचा काळ ठरला. मल्हारराव मोहिमांवर असायचे. मागे वसुली, रसद, पत्रव्यवहार, तोफा आणि दारूगोळ्याची तजवीज अशी कामं ते सुनेवर सोपवायचे.

२० मे १७६६ रोजी मल्हाररावांचं निधन झालं. नातू मालेराव गादीवर आले, पण ५ एप्रिल १७६७ रोजी त्यांचाही मृत्यू झाला. वर्षभराच्या आत होळकरांची दौलत वारसाविना उभी राहिली.

पहिला पेच: भागीदार गेल्यावर मालमत्ता कुणाची?

होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोडगा सुचवला. एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, त्याच्या नावाने कारभार दिवाणांनी पाहावा आणि अहिल्यादेवींनी खर्चापुरती नेमणूक घेऊन बाजूला व्हावं. या बेताला पेशव्यांचे काका रघुनाथराव यांचं पाठबळ होतं. ते फौजेसह माळव्याकडे आले.

अहिल्यादेवींनी हा प्रस्ताव नाकारला. आपण एका सरदाराची पत्नी आणि दुसऱ्या सरदाराची आई आहोत, त्यामुळे पुढे कोण हे ठरवण्याचा अधिकार आपलाच, अशी त्यांची भूमिका होती. ती नुसती मांडून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी लढाईची तयारी केली आणि त्याच वेळी नागपूरकर भोसले, महादजी शिंदे, गायकवाड अशा बरोबरीच्या सरदारांशी संधान बांधलं. आज होळकरांची दौलत अशी काढून घेतली, तर उद्या हीच वेळ इतरांवर येऊ शकते, हे त्या सगळ्यांना समजण्यासारखं होतं. दुसरीकडे पुण्यात माधवराव पेशव्यांनीही अहिल्यादेवींची बाजू उचलून धरली. रघुनाथरावांना माघार घ्यावी लागली.

या प्रसंगात त्यांनी साथीदार कसे निवडले, ते पाहण्यासारखं आहे. ज्यांचं हित आपल्या हितात गुंतलेलं आहे, अशांनाच त्यांनी आधी गाठलं. नुसती सहानुभूती दाखवणारे संकटात किती टिकतील, याची खात्री नसते.

तुकोजी होळकर: २८ वर्षांच्या भागीदारीचं गणित काय होतं?

दौलत वाचली, तरी फौज चालवणार कोण हा प्रश्न उरलाच. अहिल्यादेवींनी त्यासाठी तुकोजी होळकरांची निवड केली. तुकोजी मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेले अनुभवी सेनानी होते. होळकर आडनावाचे असले, तरी मल्हाररावांच्या वंशातले नव्हते.

पुढची वाटणी साधारण अशी होती:

- फौज आणि मोहिमा: तुकोजींकडे.
- मुलकी कारभार आणि न्याय: अहिल्यादेवींकडे, महेश्वरहून.
- दौलतीचा महसूल: राज्याचा खर्च आणि फौजेसाठी.
- खासगीचा खजिना: फक्त अहिल्यादेवींच्या अखत्यारीत.

प्रदेशाची वाटणीही कायमची एकच नव्हती. तुकोजी दक्षिणेत असले की सातपुड्याखालचा मुलूख ते पाहत आणि उत्तरेकडचा अहिल्यादेवी. तुकोजी उत्तर हिंदुस्थानात गेले की तिकडची वसुली त्यांच्याकडे जाई आणि माळवा, निमाड व दक्षिणेतला मुलूख अहिल्यादेवी सांभाळत. म्हणजे ज्याला ज्या ठिकाणी प्रत्यक्ष लक्ष घालता येईल, तिथलं काम त्याच्याकडे.

माळव्याचा इतिहास लिहिणारे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या व्यवस्थेचं सविस्तर वर्णन आहे. तुकोजी वयाने मोठे असूनही अहिल्यादेवींना आई म्हणत, असं ते नोंदवतात.

मग वाद झालेच नाहीत का?

झाले, आणि बरेच झाले. लोकप्रिय चरित्रांत हा भाग अनेकदा गाळला जातो. दूरच्या मोहिमा लांबत, फौजेचा पगार थकत असे आणि तुकोजी महेश्वरकडे पैसे मागत. अहिल्यादेवी आधी हिशेब मागत. खजिन्यात पैसा असताना फौज उपाशी का, अशी एका बाजूची तक्रार असे, तर वसूल झालेला पैसा गेला कुठे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. हा बेबनाव पुण्यात नाना फडणविसांपर्यंत पोहोचत असे. महादजी शिंदे आणि तुकोजी यांच्यातली चुरसही त्यात भर घालत होती. जून १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने तुकोजींच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा त्याची झळ सगळ्या दौलतीला बसली.

माल्कम यांनी सांगितलेला एक प्रसंग थेट मालमत्तेचा आहे. इंदुरात एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीत वाटा मिळावा, अशी मागणी तिथे तळ देऊन असलेल्या तुकोजींच्या बाजूने झाली. सावकाराची विधवा महेश्वरला गेली. अहिल्यादेवींनी मानाची वस्त्रं देऊन तिचा संपत्तीवरचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना तळ हलवण्याचा हुकूम पाठवला. तुकोजींनी तो पाळला.

इतके खटके उडूनही ही भागीदारी १७६७ ते १७९५ अशी सुमारे २८ वर्षं मोडली नाही. अहिल्यादेवींना फौज चालवता येत नव्हती आणि तुकोजींना पैसा उभा करता येत नव्हता. दोघांनाही याची जाणीव होती.

खासगी म्हणजे नेमकं काय?

अहिल्यादेवींच्या बांधकामांमागचा आर्थिक कणा म्हणजे खासगी. हा शब्द आज आपण सरकारी नसलेलं या अर्थाने वापरतो. होळकरशाहीत त्याचा अर्थ वेगळा आणि नेमका होता.

१७३४ साली पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने काही महाल आणि गावांचं उत्पन्न स्वतंत्र नेमून देण्यात आलं. ही खासगी जहागीर. दौलत म्हणजे फौजेच्या खर्चासाठी मिळालेला सरंजाम. तो पेशव्यांच्या मर्जीने वाढे आणि घटे. खासगी मात्र घरातल्या कर्त्या स्त्रीच्या ताब्यात राहत असे. १७६१ मध्ये गौतमाबाईंचं निधन झाल्यावर ती अहिल्यादेवींकडे आली.

म्हणजे एकाच घराचे दोन खजिने होते आणि त्यांच्या चाव्या वेगळ्या होत्या. मोहीम फसली, पगार थकले, भागीदार रागावला, तरी घाटाच्या बांधकामाचा पैसा थांबत नसे, कारण तो दौलतीतून जातच नव्हता. खासगीचा पैसा धर्मकार्याशिवाय इतरत्र वापरायचा नाही म्हणून त्यांनी त्यावर तुळशीपत्र ठेवून संकल्प सोडला होता, असंही सांगितलं जातं. धार्मिक भावनेबरोबरच त्यात व्यवहारही होता. संकल्प सोडलेल्या पैशावर हात टाकणं त्या काळात कुठल्याही सरदाराला सोपं नव्हतं.

परक्या मुलखात बांधकाम कसं झालं?

अहिल्यादेवींची महत्त्वाची बांधकामं आणि त्या वेळी तिथे कुणाची सत्ता होती, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की कामाची अडचण लक्षात येते.

- काशी: आजचं विश्वनाथ मंदिर साधारण १७८० चं. १७७५ मध्येच बनारसवरचा ताबा अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि स्थानिक कारभार राजा चेतसिंह पाहत होते.
- गया: विष्णुपद मंदिराची सध्याची वास्तू १७८७ ची. बिहारची दिवाणी १७६५ पासूनच कंपनीकडे होती.
- वेरूळ: घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार. हा मुलूख निजामाचा.
- सोमनाथ: १७८३ मध्ये जुन्या भग्न मंदिराजवळ नवं मंदिर. होळकरांच्या राज्यापासून दूर, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर.

याशिवाय हरिद्वार, केदारनाथ, अयोध्या, मथुरा, पुष्कर, नाशिक, पंढरपूर अशी यादी बरीच लांब आहे. यातल्या बहुतेक ठिकाणी हुकूम सोडून काम होण्यासारखं नव्हतं. तिथल्या सत्ताधाऱ्याची संमती, पुजाऱ्यांचा विश्वास, कारागीर आणि देखरेख करणारा माणूस हे सगळं जुळवावं लागे.

त्यासाठी त्यांच्याकडे वकिलांचं जाळं होतं. इथे वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, तर परराज्यात राहणारा प्रतिनिधी. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ आणि कलकत्ता इथे त्यांचे वकील होते, अशी नोंद माल्कम करतात. ही नावं वरच्या यादीशी ताडून पाहिली तर लखनौ, कलकत्ता आणि हैदराबाद ही त्या त्या भागातल्या सत्तेचीच ठिकाणं निघतात.

दुसरा भाग माणसं टिकवण्याचा. आपले कारभारी त्या वारंवार बदलत नसत. काही अधिकारी वीस वीस वर्षं एकाच जागी राहिले. दूरवरचं काम वर्षानुवर्षं चालणार असेल, तर ते सुरू करणारा आणि हिशेब देणारा माणूस शक्यतो एकच असावा, हे त्यामागचं साधं कारण.

बांधून झाल्यावर देखभाल कुणी केली?

बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा मात्र दरवर्षी. सार्वजनिक वास्तू बहुधा इथेच कोलमडतात. अहिल्यादेवींनी बांधकामाबरोबरच पूजा, अन्नछत्र, दुरुस्ती आणि सेवेकऱ्यांसाठी दरसालची नेमणूक लावून दिली. ती रक्कम खासगीतून जात असे. दूरच्या देवस्थानांना गंगाजल पोहोचवण्याची नियमित व्यवस्थाही त्यांनी केली होती. त्यामुळे महेश्वरचा माणूस त्या त्या ठिकाणी दरवर्षी जात राहिला आणि कामाची खबर परत येत राहिली.

विरोधकांना भागीदार कसं केलं?

माळवा आणि निमाडच्या डोंगराळ वाटांवर भिल्ल टोळ्या व्यापारी आणि यात्रेकरूंना लुटत. सुरुवातीला अहिल्यादेवींनी कडक बंदोबस्त केला. पण डोंगरात कायम फौज ठेवणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी भिल्लांचा एक जुना हक्क मान्य केला. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर त्यांना ठरावीक पट्टी घेता येईल. तिला भिलकवडी म्हणत. त्यांना कसायला पडीक जमिनीही दिल्या. बदल्यात आपापल्या हद्दीतल्या वाटेची जबाबदारी त्यांची. चोरी झाली तर भरपाईही त्यांनीच करायची.

वाटेवर वर्दळ वाढली की भिल्लांचं उत्पन्नही वाढणार, त्यामुळे वाट सुरक्षित ठेवण्यात त्यांचाच फायदा होता. महेश्वरच्या विणकरांबाबतही असंच झालं. बाहेरून विणकर आणून त्यांनी ते वसवले आणि दरबारची खरेदी त्यांच्याकडे वळवली. महेश्वरी साडी आजही त्या गावाची ओळख आहे.

संपत्ती चालून आली तरी ती घ्यायची की नाही, याचाही त्या विचार करत. वारस नसलेल्या सावकारांच्या विधवांनी आपली मालमत्ता देऊ केली, तेव्हा ती खजिन्यात जमा न करता त्यांनीच लोकोपयोगी कामावर खर्च करावी, असा सल्ला त्यांनी दिला. यामुळे सरकार आपलं धन हडपेल ही भीती सावकारांच्या मनातून गेली आणि इंदूरची पेठ वाढली.

अखेरची वर्षं

घरात मात्र एकामागून एक मृत्यू होत होते. नातू गेला, मग जावई यशवंतराव फणसे गेले आणि १७९१ च्या सुमारास मुलगी मुक्ताबाई सती गेली. अहिल्यादेवींना तिला थांबवता आलं नाही.

११ मार्च १७९५ रोजी जामखेड तालुक्यातल्याच खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पेशवे, शिंदे, भोसले आणि होळकर शेवटचे एकत्र लढले ते इथेच. तुकोजी त्या फौजेत होते. पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वरला अहिल्यादेवींचं निधन झालं. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १७९७ रोजी तुकोजीही गेले. त्यांच्या मुलांमध्ये गादीसाठी भांडणं पेटली आणि काही वर्षांतच इंदूर लुटलं गेलं.

दोघांची भागीदारी त्यांच्या हयातीत टिकली, पण नंतर कोण हे ठरलेलं नव्हतं. या सगळ्या व्यवस्थेतली ही मोठी उणीव म्हणावी लागेल.

मग मालमत्तेचं पुढे काय झालं?

दौलत विस्कटली, तरी खासगी वेगळीच राहिली. १८१८ मध्ये होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले, तरी देवस्थानांची नेमणूक चालू राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. त्या करारात खासगी मालमत्ता आणि उत्पन्न सरकारकडे जाईल आणि बदल्यात धर्मादायासाठी सरकार दरवर्षी २ लाख ९१ हजार ९५२ रुपये राखून ठेवेल, असं ठरलं. देखभालीसाठी १९६२ मध्ये खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट स्थापन झाला.

पुढे हरिद्वारमधल्या मालमत्तेच्या व्यवहारावरून वाद निर्माण झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मालमत्ता सरकारची की ट्रस्टची, हा मूळ प्रश्न होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. या मालमत्ता सरकारच्या मालकीच्या नाहीत, पण ट्रस्ट हा सार्वजनिक न्यास असल्याने त्याला मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. ट्रस्टने त्याखाली नोंदणी करावी आणि झालेल्या व्यवहारांत न्यासाचं नुकसान झालं का, हे निबंधकाने तपासावं, असे निर्देशही दिले.

१७३४ मध्ये एका स्त्रीच्या नावाने वेगळा काढलेला हिशेब २८८ वर्षांनीही वेगळा ओळखता आला, तो कागदावर होता म्हणून.

जामखेडच्या वाचकाने यातून काय घ्यावं?

आज भागीदारीत जमीन घेताना परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. तरी काही मुद्दे तेच आहेत.

- साथीदार: पूरक माणूस निवडावा. एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे प्रत्यक्ष काम पाहण्याची क्षमता असेल, तर दोघांनाही एकमेकांची गरज राहते.
- हिशेब: व्यवहाराचं खातं घरखर्चाच्या आणि इतर धंद्याच्या खात्यापासून वेगळं ठेवावं.
- अधिकार: खरेदी, विक्री आणि खर्चाला मंजुरी कुणी द्यायची, हे आधीच लिहून ठेवावं.
- नाव: पैसे चौघांचे असतील, तर खरेदीखतात आणि सातबाऱ्यावर चौघांची नावं असावीत. दुसऱ्याच्या नावाने मालमत्ता घेतली, तर ती बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अडकू शकते.
- नोंदणी: १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार तोंडी भागीदारीही वैध असते. पण भागीदारी संस्था नोंदवलेली नसेल, तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही.
- मृत्यू: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर याच कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. त्याचा वाटा वारसांना कसा आणि किती दिवसांत द्यायचा, हे सुरुवातीलाच लिहावं.

यातला शेवटचा मुद्दा बहुतेक जण टाळतात, कारण व्यवहाराच्या पहिल्याच बैठकीत मरणाचा विषय काढणं कुणालाच बरं वाटत नाही. मालेराव गेले तेव्हा होळकरांच्या घरात हा कागद नव्हता, म्हणून फौजा समोरासमोर आल्या. आज ती वेळ येत नाही, पण भावाभावांत आणि मित्रामित्रांत वर्षानुवर्षं चालणारे दावे येतात.